चुलीजवळचा धम्म
(वर्षावासातील प्रवचनमालेत उपासक-उपासिकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



दीक्षा घेऊन कुटुंब घरी परतते तेव्हा पहिले काम कोणते होते, हे तुम्ही जाणता. देव्हाऱ्यातील टाक आणि तसबिरी उतरतात व त्या जागी तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा येते. नवस, अंगारे, गंडेदोरे घराबाहेर जातात. लग्नाचा विधी बदलतो, नामकरण बदलते, मरणानंतरचे संस्कार बदलतात. हे सर्व योग्यच आहे. परंतु ज्या घरात एवढे परिवर्तन घडले, त्या घराच्या चुलीकडे सहसा कोणी पाहत नाही. ताटात काय येते, ते कोठून येते, ते खाऊन शरीराचे काय होते आणि उरलेले कोठे जाऊन पडते, हे प्रश्न धर्माच्या बाहेरचे मानले जातात. ते धम्माच्या आतले प्रश्न आहेत, एवढेच मला आज तुम्हांस सांगावयाचे आहे.

आपले अन्न कोणी ठरविले?

प्रथम मागे वळून पाहू. गावगाड्यात आपल्या पूर्वजांस काय खावे हे ठरविण्याचा अधिकार नव्हता. मेलेले ढोर ओढून नेणे हे त्यांचे सक्तीचे काम, आणि त्या ढोराचे मांस हाच त्या कामाचा मोबदला. दारोदार फिरून गोळा केलेली शिळी भाकर, पंगतीनंतरचे उष्टे, यांस 'हक्क' असे नाव देऊन गावाने माणसाची भूक स्वस्तात भागविली. आणि हेच अन्न खातात म्हणून ते नीच, असा निवाडाही त्याच गावाने दिला. अगोदर माणसास एका कोपऱ्यात ढकलावयाचे आणि मग तो कोपऱ्यात उभा आहे म्हणून त्यास दोष द्यावयाचा, असा हा न्याय होता. बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरील आपल्या १९४८ च्या ग्रंथात अन्न आणि अस्पृश्यता यांचा हा संबंध इतिहासाच्या कसोटीवर तपासून पाहिला.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी त्या दिवशी आपल्या लोकांनी प्राशन केले, हे आपल्या घरातील लहान मूलही सांगेल. परंतु त्याच परिषदेत मृत जनावरांचे मांस सोडा, उष्ट्या तुकड्यांसाठी हात पसरू नका, असाही उपदेश बाबासाहेबांनी केला, हे तितकेसे लक्षात राहत नाही. पाण्याचा हक्क मिळविणे आणि अपमानाचे अन्न नाकारणे या दोन गोष्टी त्यांनी एकाच व्यासपीठावरून सांगितल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात महाडलाच स्त्रियांपुढे बोलताना त्यांनी हा विषय पुन्हा घेतला, कारण घरात काय शिजेल हे स्त्रीच्या हाती असते, हे त्यांस ठाऊक होते.

लोकांनी ऐकले. बलुते बुडाले, गावाचा रोष ओढवला, कित्येक घरांत चूल पेटेनाशी झाली. तरी लोकांनी ऐकले. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ साली. म्हणजे कायद्याच्या एकतीस वर्षे अगोदर आपल्या आज्या-पणज्यांनी हा निर्णय स्वतःच्या चुलीजवळ घेतला होता. जो समाज उपाशी राहून अन्न नाकारू शकला, त्यास आज पोट भरलेले असताना अन्नाची निवड करणे अवघड जाऊ नये.

याच ठिकाणी दुसरीही गोष्ट सांगितली पाहिजे. अपमानाचे अन्न सोडले म्हणून गरिबीचे सगळेच अन्न टाकाऊ ठरत नाही. अंबाडी, तांदुळजा, घोळ, कुरडू, तरोटा या रानभाज्या. जवसाची आणि कारळाची चटणी. ज्वारीच्या कण्या, आंबील, नाचणीची भाकर. सुकट आणि बोंबील, हे आपल्या मायबहिणींनी टंचाईतून घडविलेले ज्ञान आहे. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातील आपल्या लोकांच्या स्वयंपाकाची जी नोंद केली, तिचे मोल यासाठी मोठे आहे. मराठी पाकशास्त्राच्या पुस्तकांत ज्या चुलींस जागा नव्हती, त्या चुलींचा तो वृत्तान्त आहे. शहरात आलेल्या मुलास डब्यातील भाकरीची लाज वाटते आणि तो मैद्याची बिस्किटे मागतो. त्याच भाकरीची किंमत शहरातील श्रीमंत उपाहारगृहात काय असते, हे त्यास एकदा दाखवून आणा.

शील आणि सोवळे

नवदीक्षित कुटुंबांत एक प्रश्न हमखास विचारला जातो : बौद्ध झाल्यावर मांसाहार सोडावा लागतो काय? याचे उत्तर स्पष्ट दिले पाहिजे, कारण या प्रश्नाच्या आडून जुने सोवळे पुन्हा घरात शिरू शकते.

देवदत्ताने तथागतांपुढे पाच नियमांचा आग्रह धरला होता. भिक्षूंनी मांस-मासे मुळीच खाऊ नयेत, हा त्यांतील एक. भगवंतांनी तो सक्तीचा नियम करण्यास नकार दिला. आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली, तर ते मांस भिक्षूने घेऊ नये, एवढी मर्यादा त्यांनी घातली. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात गरजेपोटी होणारी हिंसा आणि हिंसेच्या हौसेपोटी होणारी हिंसा यांत भेद केला आहे. प्राणिमात्रावर करुणा हे आपले शील आहे. पण कोणाच्या ताटात काय आहे यावरून त्याची उच्चनीचता ठरविणे हे शील नव्हे. जो स्वेच्छेने मांस सोडतो, त्याने खुशाल सोडावे. मात्र त्याने शेजाऱ्याकडे नाक मुरडून पाहिले, तर त्याने मांस सोडले आणि जात धरली, असे म्हणावे लागेल.

म्हणून आहाराची पारख आपण दोनच प्रश्नांनी करावी. या अन्नाने शरीराचे भले होते काय? आणि या अन्नापायी दुसऱ्या जिवावर, पाण्यावर व भूमीवर किती भार पडतो? पवित्र-अपवित्र हा तिसरा प्रश्न आपण नागपुरास १४ ऑक्टोबर १९५६ रोजी मागे ठेवून आलो आहोत.

नवा मालक

पूर्वी गावाचा पाटील आपले अन्न ठरवीत असे. आज ते कोण ठरवितो? दुकानाच्या दारात लटकणारी पाच रुपयांची पुडी ठरविते, पडद्यावरची जाहिरात ठरविते. घरात आईबाप दोघेही कामावर, लेकराच्या हातात सुटे पैसे आणि कोपऱ्यावर टपरी, अशी ही रचना आहे. त्या पुडीत मीठ, साखर, तेल आणि मैदा यांवाचून फारसे काही नसते. पोट भरल्याचा भास होतो आणि शरीर उपाशी राहते.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांस मधुमेह आहे. हा श्रीमंतांचा रोग आहे, ही समजूत आता टाकून द्या. शेतात दिवसभर राबणारे शरीर जेवढा भात पचवीत होते, तेवढा भात बाकावर बसून पहारा करणारे शरीर पचवू शकत नाही. काम बदलले, ताट मात्र तेच राहिले, किंबहुना त्यात साखर वाढली. स्वतः बाबासाहेबांस मधुमेहाने किती पोखरले होते, हे तुम्ही जाणता. शेवटच्या वर्षांत दृष्टी मंदावली, पाय चालेनात. तरी ते लिहीत राहिले. त्या रोगाची उपेक्षा करणे हा त्यांच्या स्मृतीचा आदर होऊ शकत नाही. घरातील तीस वर्षांवरील प्रत्येकाच्या रक्तातील साखर आणि रक्तदाब वेळोवेळी तपासून घ्या; सरकारी आरोग्यकेंद्रात ही तपासणी होते.

दुसरीकडे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. ज्या घरात बाप मधुमेहाचा रोगी, त्याच घरात लेक रक्तक्षयाची रोगी, असे चित्र आज दिसते. आणि येथे आपल्याच घरातील एक अन्याय उघड होतो. सर्वांचे जेवण झाल्यावर, उरेल तेवढ्यात, आई जेवते. समतेचा धम्म स्वीकारलेल्या घरात ही पंगत चालू राहावी काय? सर्वांनी एकत्र बसावे, भाजी-कालवण सर्वांस सारखे वाढावे. या सुधारणेस एक पैसाही लागत नाही.

उपाय महाग नाहीत. भाकरीबरोबर डाळ किंवा उसळ असली की धान्यात जे कमी ते डाळीतून भरून निघते. कडधान्यास मोड आणले तर ते अधिक गुणकारी होते, लवकर शिजते आणि सरपणही वाचते. पालेभाजी, हरभरे, मटकी यांवर लिंबू पिळले किंवा सोबत आवळा-पेरू खाल्ला, तर त्यांतील लोह शरीरास अधिक लागते. जेवणाबरोबरचा चहा मात्र ते शोषू देत नाही. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक चुना, म्हणजे कॅल्शियम, असते. सडलेल्या पांढऱ्या तांदळात त्याचा लहानसा अंशही नसतो. अंडे, सुकट, लहान मासे हे गरिबाचे उत्तम अन्न आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की प्रौढ माणसाने दिवसास ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या लहान चमचाभराहून कमी मीठ खावे, ४०० ग्रॅम भाज्या-फळे खावीत आणि आठवड्यास निदान १५० मिनिटे शरीर हालते ठेवावे. सुकट आणि पापड खारट असतात, तेव्हा ते असतील त्या दिवशी इतर पदार्थांत मिठाचा हात आखडावा.

मात्रा

तथागतांनी अन्नाविषयी टोकाचा मार्ग कधीच सांगितला नाही. त्यांनी स्वतः उपासाने देह झिजवून पाहिला आणि तो मार्ग व्यर्थ ठरविला. सुजातेची खीर घेऊनच ते बोधिवृक्षाखाली बसले. परंतु अतिभोजनासही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे नाकारले. कोसलचा राजा प्रसेनजित द्रोणभर तांदळाचा भात खाऊन धापा टाकीत त्यांच्या दर्शनास आला. भगवंतांनी त्यास बोध केला की जो जागरूक राहून आहाराची मात्रा जाणतो, त्याच्या वेदना कमी होतात आणि त्याचे आयुष्य जपले जाते. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणास तो बोध पाठ करावयास सांगितले आणि जेवणाच्या वेळी रोज तो म्हणून दाखविण्याबद्दल त्यास वेतन ठरवून दिले. हळूहळू राजाचा आहार नाळीभर भातावर आला आणि शरीर हलके झाले. संयुत्तनिकायातील या कथेत चमत्कार नाही, नवस नाही. आहे ती रोजची आठवण. आपल्या घरी ही आठवण करून देण्याचे काम शाळेत जाणारी मुलगी करू शकते.

मद्याविषयी मी लांबण लावणार नाही. पाचवे शील आहे, बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे आणि संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदात लोकांचे पोषणमान उंचावणे व मादक पेयांस बंदी करण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य सांगितले आहे. एकाच महापुरुषाच्या हातून हे सारे आपल्यापर्यंत आले. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले की दारूचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित नाही. विज्ञान जेथे आज पोहोचले, तेथे शील अगोदरच उभे होते. तंबाखू, मिश्री आणि गुटखा यांचीही गणना यांतच करा. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली. तरी तो मिळतो, आणि तोंडाच्या कर्करोगाने कर्ती माणसे जातात. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत जो तरुण झिंगून नाचतो, त्यास आवरण्याचे काम पोलिसाचे नव्हे, आपले आहे.

ताट आणि भूमी

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. अन्न पिकविणे, वाहून नेणे, शिजविणे व टाकणे या सर्व व्यवहारांतून, पृथ्वी तापविणाऱ्या वायूंपैकी सुमारे एक-तृतीयांश वायू बाहेर पडतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. हा भार सर्वांचा सारखा नाही. आठवड्यातून एकदा मटण शिजविणाऱ्या झोपडीपेक्षा रोज तिन्ही वेळा मांस आणि अर्धे ताट टाकणाऱ्या धनिक देशांचा तो अधिक आहे. मात्र तापलेल्या पृथ्वीचे चटके प्रथम पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्यास बसतात. म्हणून हा विषय आपला आहे.

सोलापूर-मंगळवेढ्याची शाळू पाहा. पावसाळा सरताना ती पेरतात. काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती चार महिन्यांत तयार होते. माणसास धान्य मिळते, जनावरास कडबा मिळतो. ऊस मात्र बारा ते अठरा महिने शेतात उभा राहतो आणि सारा काळ पाणी मागतो. ज्या दुष्काळी मुलखात पिण्याच्या पाण्यास टँकर लागतो, तेथे ऊस उभा असतो. तो तोडण्यास आपलीच माणसे बिऱ्हाड घेऊन जातात. आणि त्याची साखर आपल्याच चहात पडून आपल्याच रक्तात साचते. ज्वारीची भाकर खाणे हे म्हणून केवळ पोटाचे काम नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले. आपल्या आजीने ते प्रत्येक वर्ष पाळले होते.

चुलीच्या धुराचाही विचार करा. घरातील धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे मृत्यू पावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आणि धुराजवळ असतात त्या स्त्रिया व त्यांच्या कडेवरची मुले. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, घरोघरी सिलिंडर गेले. पण तो पुन्हा भरण्यास पैसे नसले की बाई सरपणाकडे वळते. भांड्यावर झाकण ठेवणे, डाळ भिजवून शिजविणे, चुलीवर शिजवावयाचे झाल्यास उघड्या जागी शिजविणे, एवढे तरी आज करता येईल.

सम्राट अशोकाने आपल्या पहिल्या शिलालेखात काय कोरविले आहे? राजवाड्याच्या पाकशाळेत पूर्वी रोज असंख्य प्राणी मारले जात. ते आता दोन मोर आणि एक हरिण एवढ्यावर आले आहेत आणि पुढे तेही मारले जाणार नाहीत. प्रजेस उपदेश करण्यापूर्वी त्याने स्वतःच्या स्वयंपाकघराचा हिशेब जाहीर केला. दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी व पशूंसाठी औषधोपचार, औषधी वनस्पतींची लागवड, रस्त्याकडेला विहिरी आणि झाडे यांची नोंद आहे. आरोग्य आणि परिसर एकाच लेखात, एकाच आज्ञेत आहेत.

कचरा कोणाच्या हातात जातो?

विनयाच्या नियमांत भिक्षूने हिरव्या गवतावर वा पाण्यात थुंकू नये, मलमूत्र विसर्जन करू नये, असे सांगितले आहे. आनंदाची कथाही तुम्ही ऐकली असेल. उदयन राजाने विचारले, भेट मिळालेल्या पाचशे चीवरांचे तुम्ही काय कराल? आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांस वाटू. जुन्याची आच्छादने, त्यानंतर अंथरुणे, मग पायपुसणी होतील. आणि अगदीच चिंध्या झाल्या की मातीत कालवून जमीन सारवू. संघाने काहीही वाया घालविले नाही.

आणि आपण? २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले, असे संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात आहे. एक पुडी फाडून रस्त्यावर टाकली, ती गटारात जाते. गटार तुंबते. ते उपसण्यास कोण उतरतो? कायद्याने २०१३ साली हाताने मैला साफ करविण्यास बंदी केली, तरी गटारांत गुदमरून मरणाऱ्यांच्या बातम्या आपण वाचतो, आणि त्यांची आडनावे आपल्या ओळखीची असतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. प्लास्टिकने तुंबलेल्या नाल्यांनी पाण्याची वाट अडविली, आणि सखल वस्त्या प्रथम बुडाल्या. देवनारची कचराभूमी १९२७ सालापासूनची, म्हणजे महाडच्या सत्याग्रहाच्याच वर्षाची. जानेवारी २०१६ मध्ये तिला आग लागली तेव्हा गोवंडी-मानखुर्दच्या मुलांनी दिवसेंदिवस तो धूर छातीत घेतला. शहराचा कचरा जेथे जातो, तेथे गरीब राहतात. गरीब जेथे राहतात, तेथे कचरा पाठविला जातो. म्हणून रस्त्यावर टाकलेली पुडी आपण आपल्याच भावाच्या डोक्यावर टाकीत असतो.

दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर लाखो लोक येतात, भोजनदान होते. त्या दिवशी घरून निघताना प्रत्येकाने स्वतःची ताटली, पेला आणि पाण्याची बाटली घ्यावी. भोजनदान करणाऱ्या मंडळांनी थर्माकोलच्या ताटल्या आणू नयेत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मैदान झाडणारी माणसे कोण असतात, हे मनात ठेवले की पुरे.

मागणी आणि आचरण

कोणी म्हणेल, हे सारे गरिबाच्याच माथी का? रास्त प्रश्न आहे. आहार हा केवळ सद्वर्तनाचा विषय नाही, हक्काचाही आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ व गव्हाबरोबर भरड धान्याचाही उल्लेख आहे. तेव्हा शिधावाटप दुकानात ज्वारी, बाजरी, नाचणी मागा. महाराष्ट्रात शालेय पोषण आहारात अंडे देण्याचा निर्णय २०२३ साली झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्याचा निधी थांबविला. ज्या मुलास घरी अंडे मिळत नाही, त्याच्या ताटातून ते कोणी काढले, याचा जाब ग्रामसभेत व शाळेच्या समितीत विचारा. वस्तीत नळ, शौचकूप, कचऱ्याची गाडी नसेल तर नगरपालिकेकडे अर्ज करा, सह्या गोळा करा, पाठपुरावा करा. ज्यांनी पाण्यासाठी तळे गाठले त्यांच्या वंशजांनी नळासाठी कचेरी गाठण्यास संकोचू नये.

परंतु मागणी करणाऱ्याचे घर स्वच्छ असले म्हणजे मागणीस धार येते. म्हणून या पौर्णिमेपासून एवढे करा. आठवड्यातून निदान चार दिवस भाकर. रोज एक डाळ आणि एक पालेभाजी. मुलांच्या हातात पुडीऐवजी शेंगदाणे, फुटाणे किंवा केळे. घरात दारू व तंबाखू नाही. सर्वांचे जेवण एका पंगतीत. ताटात टाकाऊ काही नाही. ओला कचरा निराळा, सुका निराळा. यांत कठीण काय आहे? आपल्या पूर्वजांनी याहून शतपट कठीण निश्चय रिकाम्या पोटी केला आणि निभावला.

एका भिक्षूस अतिसार झाला होता आणि कोणी त्याची शुश्रूषा करीना, तेव्हा भगवंतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी त्यास धुतले आणि संघास सांगितले की ज्यास माझी सेवा करावयाची असेल त्याने रुग्णाची सेवा करावी. रुग्णाची सेवा हा धम्म असेल, तर घरात रुग्ण होऊच नये म्हणून झटणे हाही धम्मच होय. ते काम वंदनेच्या वेळेपुरते नाही. ते उद्या सकाळी पीठ मळताना सुरू होते.

नमो बुद्धाय. जयभीम.